उशिरा व्यालेल्या गाई : मिशिगनचं पीबीबी प्रकरण

१९७३च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक शहराजवळच्या एका गोठ्यातल्या गाईंनी खाणं टाकलं. गोठा मोठा, चारशेच्या आसपास गाईंचा. मालक रिक हॅल्बर्ट रसायन अभियांत्रिकी शिकलेला होता. काही वर्षं डाऊ या रसायन कंपनीत नोकरी करून तो घरच्या शेतीकडे परतला होता. तीन आठवडेही झाले नसतील, तोवर गोठ्याचं रोजचं दूध १३,००० पौंडांवरून ७,६०० पौंडांवर आलं. त्यामागचं कारण होतं खाद्यात चुकून मिसळलेलं पीबीबी नावाचं अग्निरोधक रसायन, आणि ते कळायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. तोवर तेच कारण राज्यभरातल्या गोठ्यांत, कोंबड्यांच्या शेडमध्ये, दुधात, लोण्यात, अंड्यांत आणि माणसांच्या शरीरात पोचलेलं होतं.

हे प्रकरण बहुतेकदा पोत्यांच्या अदलाबदलीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. अदलाबदल झाली हे खरंच आहे. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पोत्यांत नाही, वासरांत आहे. अग्निरोधक रसायनं वाढत्या जिवाला काय करतात, याचे पुरावे या गोठ्यांत पहिल्या दोन-तीन महिन्यांतच समोर होते. तरी पुढची अनेक वर्षं वाद झाला तो मोठ्या गाई आजारी दिसतात की नाही, यावर. म्हणून या लेखात मी हे प्रकरण वासराच्या बाजूने मांडतो आहे.

पोती

मिशिगनमध्येच सेंट लुईस नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे पाइन नदीच्या काठी मिशिगन केमिकल कंपनीचा कारखाना होता. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून ब्रोमीन आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्यापासून वेगवेगळे पदार्थ इथे बनत. त्यातला एक ‘न्यूट्रिमास्टर’, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. दुभत्या गाईंच्या खाद्यात ते थोड्या प्रमाणात मिसळतात. दुसरा ‘फायरमास्टर’, म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल किंवा पीबीबी. टीव्ही आणि कार्यालयीन यंत्रांची प्लास्टिकची कवचं लवकर पेटू नयेत म्हणून ते प्लास्टिकमध्ये घालत. मुळात फायरमास्टर तपकिरी पापुद्र्यांसारखं असे. त्यात थोडं कॅल्शियम सिलिकेट घालून दळलं की फिकट पांढरी भुकटी होई आणि ती दिसायला मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जवळ जाई.

१९७३च्या सुरुवातीला छापील पोत्यांचा तुटवडा पडला. एरवी दोन्ही मालांच्या पोत्यांवर वेगवेगळ्या रंगांत नावं छापलेली असत. त्या काळात मात्र साध्या खाकी पोत्यांवर साचा धरून नावं उमटवली गेली. त्यातली दहा-वीस पोती, प्रत्येकी ५० पौंडांची, मॅग्नेशियम ऑक्साइड समजून क्लायमॅक्स गावच्या पशुखाद्य गिरणीत गेली. ही गिरणी फार्म ब्युरो सर्व्हिसेस या शेतकरी संस्थेची होती आणि राज्यभर माल पुरवत होती. काही मिश्रणांमध्ये किलोमागे ग्रॅमच्या हिशेबात पीबीबी गेलं. गिरणीची मिश्रणयंत्रं दोन घाण्यांच्या मध्ये धुतली जात नव्हती. त्यामुळे चुकीचं पोतं संपल्यानंतरही कित्येक महिने प्रत्येक घाण्याला थोडं थोडं पीबीबी लागत राहिलं. हा तपशील लक्षात ठेवावा लागेल. कारण या प्रकरणात दोन वेगळे समूह तयार झाले ते यामुळेच. एका समूहातल्या जनावरांच्या पोटात थोड्या दिवसांत प्रचंड मात्रा गेली. दुसऱ्याला तेच विष दीर्घकाळ, पण अगदी कमी मात्रेत मिळत राहिलं.

गोठ्यात काय दिसलं

हॅल्बर्टचा कळप पहिल्या समूहातला. त्या दोन-अडीच आठवड्यांत एकेका गाईच्या पोटात सरासरी पाव किलोच्या आसपास पीबीबी गेलं असावं, असा अंदाज नंतर बांधला गेला. हॅल्बर्ट आणि त्याचा पशुवैद्य यांनी १९७४ साली पशुवैद्यकीय नियतकालिकात कळपाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो, कारण तो कोणताही वाद पेटण्याआधी, नुसतं जे दिसलं ते नोंदवून लिहिलेला आहे.

मोठ्या गाईंची लक्षणं आधी घेऊ. भूक गेली, दूध निम्म्यावर आलं, लघवी वाढली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काही आठवड्यांनी कातडीखाली रक्ताच्या गाठी आणि गळवं झाली, केस गळले, मानेवरची कातडी जाड पडली, खूर वेडेवाकडे वाढले आणि गाई लंगडू लागल्या. खाद्य बदलल्यावर भूक परत आली, पण दूध आलं नाही.

आता गाभण गाई. नुकत्याच भरलेल्या गाईंचा गर्भ आत जिरून गेला आणि त्या पुन्हा माजावर आल्या. दिवस भरत आलेल्या गाईंचं वेगळंच झालं. त्या वेळेवर व्याल्याच नाहीत. ठरलेल्या तारखेनंतर दोन ते चार आठवडे उलटून गेल्यावर त्या व्याल्या. वासरं मोठी, वेत अवघड, आणि बरीच वासरं जन्मतःच किंवा त्यानंतर लगेच मेली. व्यायला झालेल्या गाईची कास जशी भरून येते, तशी या गाईंची आलीच नाही.

इथे जरा थांबतो. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वेणा कधी सुरू व्हायच्या हे गाय ठरवत नाही, वासरू ठरवतं. दिवस भरत आले की पोटातल्या वासराची पोषग्रंथी त्याच्या अधिवृक्क ग्रंथींना उठवते. त्यांतून कॉर्टिसॉल स्रवतं. त्या कॉर्टिसॉलमुळे वारेतलं संप्रेरकांचं उत्पादन पालटतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, कास भरू लागते आणि कळा येतात. हा सगळा क्रम वासराच्या मेंदूपासून सुरू होतो. गाय महिनाभर उशिरा व्याली, कास रिकामी राहिली, म्हणजे या साखळीत कुठेतरी खंड पडला होता. तो वासराच्या ग्रंथींत पडला, वारेत पडला की आईच्या यकृताने संप्रेरकं नेहमीपेक्षा झपाट्याने मोडून टाकली, हे नुसत्या गोठ्यातल्या नोंदींवरून सांगता येत नाही. पण विष संप्रेरकांच्या कारभारात शिरलं आहे, हे १९७३च्या हिवाळ्यातच जाणत्या माणसाला वाचता येण्याजोगं होतं. साध्या उपासमारीने किंवा बुरशी लागलेल्या खाद्याने सरसकट गाभणकाळ लांबत नाही. संसर्गाने बहुधा गाय मुदतीआधी गाभडते. दिवस पुढे जाणं हे फार नेमकं लक्षण होतं.

तिसरी नोंद वाढत्या वासरांची. हॅल्बर्टने संशय तपासण्यासाठी बारा वासरांना तेच पेलेट, म्हणजे गोळ्यांच्या रूपातलं खाद्य, खायला घातलं. सहा आठवड्यांत जवळपास निम्मी मेली आणि उरलेल्यांपैकीही फार थोडी तगली. त्याच पेलेटवर मोठ्या गाई आजारी पडल्या, पण बहुतेक जगल्या. एकच विष, एकच गोठा आणि वयानुसार इतका फरक. राज्याच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतही या खाद्यावरचे उंदीर मेले. तरी खाद्य पुरवणाऱ्यांची भूमिका अशी राहिली की गाईचं खाद्य उंदरांसाठी बनवलेलंच नसतं. मरणारा प्राणी लहान आहे, कोवळा आहे, हीच गोष्ट पुराव्याचं वजन वाढवणारी होती. तिचाच उपयोग पुरावा बाजूला सारायला झाला, याचा मला आजही राग येतो.

रसायन कसं सापडलं

हॅल्बर्टने स्वतःचे पैसे घालून अनेक प्रयोगशाळांना नमुने पाठवले. सगळे जण त्या काळी जे शोधायची सवय होती ते शोधत होते, म्हणजे कीटकनाशकं, शिसं, नायट्रेट, बुरशीची विषं. जानेवारी १९७४मध्ये आयोवातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून आलेखावर दाखवणारं यंत्र, जेवणाच्या सुट्टीत चालूच राहिलं. त्यामुळे नेहमीच्या कीटकनाशकांची वेळ उलटून गेल्यावर, बऱ्याच उशिराने, आलेखावर मोठी शिखरं उमटली. जड रेणू यंत्राच्या नळीतून फार सावकाश बाहेर पडतात. रोजच्या पद्धतीने यंत्र वेळेत बंद केलं असतं, तर ती दिसलीच नसती. पदार्थ ब्रोमीनयुक्त आहे इतकं पुढे ठरलं. एप्रिलमध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रातल्या जॉर्ज फ्राइस यांनी तो ओळखला. त्यांनी पीबीबीवर आधी काम केलेलं होतं आणि त्यांच्याकडे तुलनेसाठी मूळ नमुना होता. मग मिशिगनमध्ये एका गिरणीत फायरमास्टरचं अर्धवट वापरलेलं पोतं सापडलं.

मे १९७४मध्ये दूध आणि मांसाच्या चरबीत दहा लाखांत एक भाग, म्हणजे १ पीपीएम, ही मर्यादा ठरली आणि त्यापुढच्या कळपांवर बंदी आली. नोव्हेंबरमध्ये ती ०.३ पीपीएमवर आणली. पाचशेहून अधिक शेतं बंद पडली. सुमारे ३०,००० गुरं, ४,५०० डुकरं, १,५०० मेंढ्या आणि १५ लाख कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. शिवाय शेकडो टन पशुखाद्य, हजारो पौंड चीज आणि लोणी, सुमारे पन्नास लाख अंडी नष्ट केली. जनावरं कॅल्कास्का परगण्यातल्या खड्ड्यांत पुरली. ज्यांचे कळप मर्यादेखाली भरले त्यांना भरपाईही नाही आणि धड दूधही नाही. त्यांच्यापैकी काहींनी आपली जनावरं स्वतःच गोळ्या घालून मारली.

चरबी, वार, दूध

पीबीबी इतकं चिवट का? दोन बेंझीन कड्या एकमेकींना जोडलेल्या आणि त्यांच्यावर ब्रोमीनचे अणू, अशी त्याची रचना. फायरमास्टरमध्ये निम्म्याहून अधिक भाग सहा ब्रोमीनच्या एका विशिष्ट रेणूचा होता. त्याचा क्रमांक १५३. या रेणूवर ब्रोमीनची मांडणी अशी आहे की यकृताच्या विकरांना (एन्झाइमना) तो मोडायला मोकळी जागाच जवळजवळ मिळत नाही. पाण्यात विरघळत नाही म्हणून लघवीवाटे जात नाही. चरबीत मात्र सहज मुरतो आणि तिथेच राहतो. माणसात त्याचा अर्धा साठा उतरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

मादीच्या शरीरातून बाहेर पडायचा त्याला एकच खरा मोठा मार्ग असतो, तो म्हणजे दुधातली चरबी. दुभत्या गाईच्या अंगातलं पीबीबी त्यामुळे भाकड गाईपेक्षा किंवा बैलापेक्षा लवकर उतरतं. कळपाची तपासणी करणाऱ्याला आकडे खाली येताना दिसतात आणि जनावर सुधारतं आहे असं वाटतं. पण ते उतरतं कुठे? वासरू प्यायलं तर वासरात. रसायन वार ओलांडतं, गर्भापर्यंत जातंच. पण उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की वारेतून जितकं जातं, त्याच्या कितीतरी पट अधिक दुधातून जातं. आईच्या वर्षानुवर्षांच्या साठ्याचा वाटा पिल्लाला काही आठवड्यांत मिळतो आणि तेव्हा पिल्लाचं वजन अगदी थोडं असतं.

आत गेल्यावर ते यकृतातल्या विकरांना अवेळी जागं करतं. ही विकरं शरीराबाहेरच्या पदार्थांसोबत शरीराची स्वतःची संप्रेरकंही मोडतात. थायरॉइडचं थायरॉक्सिन रक्तात कमी पडतं आणि स्टेरॉइड संप्रेरकं लवकर संपतात. यकृतातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठाही घटतो. कातडी आणि खूर यांची घडण ‘अ’ जीवनसत्त्वावर अवलंबून असते, हे लक्षात घेतलं तर जाड पडलेली मान आणि वाकडे खूर यांची संगती लागते. मोठ्या जनावरात थायरॉक्सिन महिनाभर कमी पडलं तर ते सुस्तावतं आणि नंतर सावरतं. गर्भात किंवा नवजात पिल्लात त्याच महिन्यात मेंदूच्या पेशी जागा धरत असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात. ते काम थायरॉक्सिनच्या सांगण्यावरून चालतं आणि नंतर थायरॉक्सिन पूर्ववत झालं तरी ते पुन्हा पहिल्यापासून होत नाही.

प्रयोगांनी काय सांगितलं

पुढच्या पाच-सहा वर्षांत वेगवेगळ्या प्राण्यांवर प्रयोग झाले. मिशिगन विद्यापीठातले थॉमस कॉर्बेट यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाभण उंदरांना खाद्यातून फायरमास्टर दिलं होतं. पिल्लं वजनाने कमी भरली आणि काहींत टाळू दुभंगलेली, कवटी न मिटलेली, मूत्रपिंडात पाणी साचलेलं, असे दोष आढळले. मोठ्या उंदरांच्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, एकच मोठी मात्रा गाभणकाळाच्या ठरावीक दिवसांत दिली तर टाळूचे आणि श्वासपटलाचे दोष आले. या दोन्ही प्रयोगांतल्या मात्रा मोठ्या होत्या, हे सांगितलं पाहिजे.

मिशिगन स्टेट विद्यापीठात मिंक या मुंगसासारख्या प्राण्यावर झालेलं काम अधिक बोलकं आहे. खाद्यात १ पीपीएमच्या आसपास पीबीबी असताना माद्या वरून धडधाकट दिसत होत्या, पण एका वेतात पिल्लं कमी होत होती, हलकी होत होती आणि तगत नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठात ऱ्हीसस माकडिणींना ०.३ पीपीएम पीबीबी असलेलं खाद्य दिलं गेलं. मासिक चक्र लांबलं, एखादा गर्भपात झाला, एखादं पिल्लू मेलेलं जन्मलं आणि जगलेली पिल्लं वजनाने कमी होती. माकडिणींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हा त्यावरून टक्केवारी काढू नये. पण ०.३ हा आकडा ओळखीचा आहे. चरबीत मोजलेले ०.३ आणि खाद्यातले ०.३ यांची थेट तुलना होत नाही, तरीही ज्या पातळीला कायद्याने हिरवा कंदील दिला होता, त्या आकड्याच्या आसपास प्रजननावर परिणाम दिसत होता, हे नियम ठरवणाऱ्यांना अस्वस्थ करायला पुरेसं असायला हवं होतं.

आता खुद्द गाईंवरचा प्रयोग. गाभण कालवडींचे गट करून त्यांना ६० दिवस रोज ०.२५ मिलिग्रॅम, २५० मिलिग्रॅम आणि २५ ग्रॅम अशा मात्रा दिल्या. २५ ग्रॅमच्या गटातल्या कालवडींनी काही दिवसांतच खाणं टाकलं, त्या खंगल्या, पोटातले गर्भ मेले, काही गाभडल्या आणि पुढे त्या मरणपंथाला लागल्या. खालच्या दोन गटांत नजरेत भरेल असं काहीच आढळलं नाही. हा प्रयोग प्रामाणिकपणे केलेला होता आणि रोगाचं चित्र त्याने पक्कं केलं. पण त्याचा निष्कर्ष पुढे जसा वापरला गेला, तो मला मान्य नाही. खालच्या दोन मात्रांमध्ये हजार पटींचं अंतर होतं आणि वरच्या दोन मात्रांमध्ये शंभर पटींचं. ‘काही दिसलं नाही’ हे कालवडीबद्दल होतं. त्यांच्या वासरांची पुढची वाढ, त्यांचं पहिलं माजावर येणं, त्यांची पुढची वेतं, हे सगळं मोजल्याखेरीज निर्धोक मात्रा सांगता येत नाही.

कमी मात्रेचे कळप

खरं भांडण दुसऱ्या समूहावरून झालं. ज्यांच्या कळपात चरबीतलं पीबीबी मर्यादेखाली भरत होतं ते शेतकरी सांगत होते की आमची वासरं जगत नाहीत, वाढत नाहीत, गाई भरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिशिगनमधले कमी मात्रेचे कळप आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधले पीबीबी न लागलेले कळप यांची तुलना केली आणि फरक दिसत नाही असं सांगितलं. शेतकऱ्यांनी आरोप केला की खातं त्यांच्या नुकसानाचं खापर त्यांच्याच गोठ्याच्या व्यवस्थापनावर फोडतं आहे. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये कॅडिलॅक इथल्या न्यायालयाने, वर्षाहून अधिक चाललेल्या खटल्यानंतर, एका शेतकऱ्याच्या विरोधात निकाल दिला. कमी मात्रेने जनावरांना अपाय झाल्याचं सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने मात्र मर्यादा ०.०२ पीपीएमवर आणणारा कायदा केला होता.

मी इथे शेतकऱ्यांची बाजू डोळे मिटून घेणार नाही. गोठ्यात वासरं शंभर कारणांनी मरतात. चीक वेळेवर पाजला नाही, हगवण लागली, थंडीत न्यूमोनिया झाला, तरी वासरू जातं. सगळे मृत्यू पीबीबीच्या नावावर टाकता येत नाहीत. संसर्गाविरुद्धची ताकद पीबीबीने कमी केली असेल, तर वासरू हगवणीने मेलं तरी त्यात पीबीबीचा हात असू शकतो. हे वेगळं काढणं तेव्हाच्या साधनांनी जवळजवळ अशक्य होतं. पण तुलनेची रचनाच अशी होती की उत्तर ‘फरक नाही’ असंच येण्याची शक्यता मोठी. पाहणी झाली ती घटना उलटून दोन-तीन वर्षांनी. सगळ्यात वाईट परिणाम झालेली वासरं तोवर मेलेली होती आणि पुरलीही गेली होती. जगलेल्या, दूध देणाऱ्या, म्हणजे तगून राहिलेल्या गाई तपासल्या गेल्या. शिवाय तपासणीच्या दिवशीचा चरबीतला आकडा आणि त्या दिवशीचं आरोग्य यांची जोडी लावली. एखादी कालवड आज स्वच्छ भरत असेल, पण ती १९७३च्या हिवाळ्यात आईच्या पोटात असेल, तर तिच्या बाबतीत आजच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

विचारायचा प्रश्न होता जन्मतारखेचा. मिशिगनमधल्या अनेक बाधित गोठ्यांत वेतांच्या नोंदी होत्या. चांगला दूधवाला भरण्याची तारीख, व्याण्याची तारीख, वासराचं वजन, त्याचं काय झालं, हे लिहून ठेवतो. खाद्य कोणत्या महिन्यात आलं हे पावत्यांवरून कळत होतं. त्या महिन्यात कोणती वासरं कितव्या महिन्याच्या गर्भात होती, कोणती दूध पीत होती, कोणती चरायला लागली होती, हे लावून त्यांची पुढची दोन वेतं तपासता आली असती. गाभणकाळ किती दिवस लांबला हे तर कागदावरच होतं. ही माहिती अशा रीतीने कधी सलग गोळा झाली नाही आणि मारलेल्या तीस हजार गुरांबरोबर ती कायमची गेली.

माणसांच्या मुली

जे गाईंत पाहिलं गेलं नाही, ते माणसांत बऱ्याच उशिरा पाहिलं गेलं. मिशिगनमध्ये १९७६पासून सुमारे चार हजार लोकांची दीर्घकालीन नोंद ठेवली गेली. पुढे हे काम एमरी विद्यापीठाकडे गेलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी आईच्या रक्तातली तेव्हाची पातळी आणि मुलीला अंगावर पाजलं होतं की नाही, या दोन गोष्टी धरल्या. पोटात असताना जास्त पीबीबी मिळालेल्या आणि अंगावर प्यायलेल्या मुलींना पाळी सरासरी ११.६ व्या वर्षी आली. कमी संपर्कातल्या किंवा अंगावर न प्यायलेल्या मुलींना ती १२.२ ते १२.६ वर्षांच्या दरम्यान आली होती. सात महिने ते वर्षभराचा हा फरक त्या मुलींच्या स्वतःच्या रक्तातली आजची पातळी मोजून सापडला नसता. आई कधी, किती आणि मूल तेव्हा कुठल्या अवस्थेत, हे विचारलं म्हणून सापडला. यावरून स्तनपान नको असा अर्थ कुणी काढू नये. स्तनपानाचे फायदे फार मोठे आहेत आणि हा अपघात असाधारण होता.

नंतर आलेली रसायनं

कंपनीने १९७४ साली फायरमास्टरचं हे उत्पादन थांबवलं. २००९ साली हेक्साब्रोमोबायफेनिल स्टॉकहोम करारात जगभर बंद करायच्या पदार्थांच्या यादीत गेलं. पण प्लास्टिक आणि फोम पेटू नयेत ही गरज होतीच, म्हणून जागा भरली पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर, म्हणजे पीबीडीई या भावंडांनी. दोन कड्यांच्या मध्ये एक ऑक्सिजन आला, बाकी स्वभाव बराचसा तोच.

इथे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या पेर एरिक्सन यांचं काम सांगायलाच हवं. मिशिगनमध्ये जो प्रश्न विचारला गेला नाही, नेमका तोच त्यांनी विचारला. नवजात उंदरांना पीबीडीईच्या ९९ क्रमांकाच्या रेणूची एकच मात्रा दिली. एका गटाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, एकाला दहाव्या, एकाला एकोणिसाव्या. मोठेपणी त्यांना नव्या पिंजऱ्यात ठेवलं. निरोगी उंदीर सुरुवातीला खूप फिरतो आणि जागा ओळखीची झाली की शांत होतो. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी मात्रा मिळालेले उंदीर असे स्थिरावत नव्हते. एकोणिसाव्या दिवशी मिळालेले ठीक होते. उंदराच्या मेंदूच्या वाढीचा भर पहिल्या दोन आठवड्यांतला असतो. मात्रा तीच, पण नऊ दिवसांनी उशिरा दिली तर परिणाम दिसत नाही. वर्तनातला बिघाड वयाबरोबर वाढतो, हेही त्यांच्या गटाने दाखवलं. पिल्लू जन्मतः व्यवस्थित, वजनाला बरोबर, आणि दोष मोठेपणी. अशा पिल्लाला गोठ्यात किंवा पिंजऱ्यात नुसतं बघून कुणी आजारी म्हणणार नाही.

अमेरिकेत पीबीडीईचं फोममध्ये वापरलं जाणारं मिश्रण २००४च्या अखेरीस बंद झालं आणि त्याच्या जागी एक नवं मिश्रण बाजारात आलं. त्याचं नाव ‘फायरमास्टर ५५०’. रेणू वेगळे, नाव जुनंच. २०१३ साली हेदर पॅटिसॉल यांच्या गटाने ते गाभण आणि दूध पाजणाऱ्या रॅट माद्यांना कमी मात्रेत दिलं. त्यांच्या मादी पिल्लांना लवकर वयात येताना पाहिलं गेलं आणि पिल्लांचं वजनही वाढलेलं आढळलं. प्रयोग छोटा होता आणि त्यावर पुढे काम चालू राहिलं. पण आता निदान मोजमापाची यादी बदलली आहे. २००७ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने विकासकालीन चेतासंस्थेच्या तपासणीची पद्धत ठरवली. २०११ साली एका पिढीच्या विस्तारित प्रजनन तपासणीची पद्धत आली. तिच्यात माद्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रसायन दिलं जातं. पिल्लांचे गट करून एकाची प्रजननक्षमता, एकाची चेतासंस्था आणि एकाची प्रतिकारशक्ती मोठेपणापर्यंत तपासली जाते. गाभणकाळ किती दिवसांचा झाला आणि पिल्लू कोणत्या दिवशी वयात आलं, हे दोन्ही रकाने तिच्यात आहेत. मात्र बाजारात असलेल्या प्रत्येक अग्निरोधकावर ही तपासणी झालीच पाहिजे असं सक्तीचं बंधन अजून सगळीकडे नाही. पर्यायी रसायन आणताना जुन्या रसायनाची कागदपत्रं दाखवून चालवून घेतलं जातं, तोवर पशुवैद्यांनी आणि दूध उत्पादकांनी आपल्या वेतांच्या वह्या जपून ठेवाव्यात आणि गाभणकाळ अकारण लांबलेली दोन-तीन वेतं एकाच हंगामात दिसली तर खाद्याचा नमुना बाजूला काढून थंड जागी ठेवावा. पुढे तपासायची वेळ आली, तर हॅल्बर्टप्रमाणे मूळ खाद्य हाताशी असेल.